साठवलेला मसुदा हेही दफ्तरच : न्यायालय आवारातील टंकलेखकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व पदाधिकारी, जिल्हा वकील संघ,
तसेच न्यायालय आवारात कार्यालय चालवणारे सर्व सन्माननीय वकील व दस्तलेखक

विषय : संगणकात साठवलेले नमुना मसुदे, ऑटोटेक्स्ट व टेम्प्लेट यांची जपणूक, दुरुस्ती आणि त्या कामाचा मोबदला

महोदय,

आमच्या संघटनेत वकिलांच्या कार्यालयात पगारावर असलेले टंकलेखक आहेत, कोर्टाच्या आवारात टेबल टाकून पानामागे पैसे घेणारे आहेत, आणि दस्तलेखकांकडे खरेदीखते, साठेखते, हक्कसोडपत्रे टाइप करणारेही आहेत. पगार, दिवाळी आणि रजा यांवर आम्ही आपल्याशी पूर्वी बोललो आहोत, पुढेही बोलू. हे पत्र फक्त मसुद्यांविषयी आहे. विषय किरकोळ वाटण्याचा संभव असल्याने थोडे सविस्तर लिहीत आहोत.

एखाद्या दिवाणी दाव्यात नवा मजकूर किती असतो? पक्षकारांची नावे, मिळकतीचे वर्णन, चतुःसीमा, दाव्यास कारण केव्हा घडले ते, आणि साहेबांनी डिक्टेशनमध्ये सांगितलेली हकीकत. कोर्टाचे शीर्षक, अधिकारक्षेत्राचा परिच्छेद, मुदतीचा परिच्छेद, कोर्ट फीचा परिच्छेद, विनंतीतली ठरलेली कलमे आणि शेवटचे व्हेरिफिकेशन हे सगळे आधीच तयार असते. पुरसिस, वकीलपत्र, मुदतीचा अर्ज यांत तर नवीन म्हणावे असे चार शब्दही नसतात. हा तयार मजकूर एका बैठकीत लिहिलेला नाही. कधी वरिष्ठांनी लाल शाईने दुरुस्त केला, कधी कोर्टाने हरकत घेतल्यावर एक ओळ वाढली, कधी दुय्यम निबंधक कार्यालयातून दस्त परत आला म्हणून एक कलम बदलले. कित्येक कार्यालयांत तो वीस-पंचवीस वर्षे असा घडत आला आहे. त्याची किंमत कपाटातल्या कायद्याच्या पुस्तकांपेक्षा कमी नाही. पुस्तके पुन्हा विकत तरी मिळतात.

आणि हा ऐवज ठेवलेला असतो कुठे? टंकलेखक चार अक्षरांची खूण टाइप करतो, एफ-३ दाबतो आणि पूर्ण परिच्छेद उमटतो. साहेबांना वाटते की हे वर्डमध्येच आहे, म्हणजे वर्ड असेल तिथे ते असणार. तसे नाही. वर्डमधला ऑटोटेक्स्ट बहुतेक वेळा नॉर्मल.डॉटएम या एकाच फायलीत साठतो. क्विक पार्ट्स म्हणून साठवलेला मजकूर बिल्डिंग ब्लॉक्स.डॉटएक्स या दुसऱ्या फायलीत जाऊ शकतो. ऑटोकरेक्टचे साधे शब्द तिसऱ्याच जागी, प्रत्येक भाषेची वेगळी फाइल करून ठेवलेले असतात. त्यामुळे कीबोर्ड इंग्रजीवर असताना भरलेली खूण मराठीवर आल्यावर चालली नाही, तर त्यात टंकलेखकाचा दोष नसतो. या तिन्ही फायली ज्याच्या त्याच्या विंडोज लॉगिनखाली ॲपडेटा नावाच्या फोल्डरात असतात, आणि हे फोल्डर विंडोज मुळातच लपवून ठेवते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट बंद केला. ऑफिस २०१६ आणि २०१९ चा सपोर्टही त्याच दिवशी संपला. साहजिकच आवारात मशीन बदलण्याची लाट आली. हार्डवेअरवाल्याने डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डी ड्राइव्ह कॉपी केले, ‘सगळा डेटा घेतला’ असे सांगितले आणि जुने मशीन फॉरमॅट मारले. दुसऱ्या दिवशी एफ-३ दाबल्यावर काहीच उमटले नाही. आमच्या एका सभासदाच्या कार्यालयात दोन जणींचा मिळून तेरा-चौदा वर्षांचा ऑटोटेक्स्ट असा गेला, आणि त्या महिन्यात काम मंदावले म्हणून बोलणी खावी लागली ती त्या दोघींना. वनड्राइव्ह लावले आहे, चिंता नको, असेही काही ठिकाणी सांगितले जाते. वनड्राइव्हचा नेहमीचा बॅकअप डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशी ठरलेली फोल्डरेच घेतो. डॉक्युमेंट्समध्ये कस्टम ऑफिस टेम्प्लेट्स या फोल्डरात ठेवलेली टेम्प्लेट त्यात वाचतात. ॲपडेटातला ऑटोटेक्स्ट वाचत नाही.

म्हणून आमचे मूळ म्हणणे असे, की साठवलेला मसुदा हा एखाद्या टंकलेखकाच्या बोटांच्या सवयीचा भाग समजू नये. ते कार्यालयाचे दफ्तर आहे. निकाली प्रकरणाची फाइल कोणी न विचारता रद्दीत घालत नाही. तो नियम मसुद्यालाही लागू करावा. पुढच्या मागण्या यातूनच निघतात.

मागणी १ : मसुद्यांना एक जागा आणि एक जबाबदार माणूस

कार्यालयात दोन जरी संगणक असले तरी मूळ मसुद्यांचे एक सामायिक फोल्डर असावे. वर्डच्या पर्यायांमध्ये वर्कग्रुप टेम्प्लेटसाठी जागा नेमून देता येते. तिथे हे फोल्डर दाखवले की सर्वांना तीच टेम्प्लेट दिसतात. नेहमीचे परिच्छेद नॉर्मल.डॉटएममध्ये न ठेवता कार्यालयाच्या नावाच्या वेगळ्या टेम्प्लेटमध्ये ठेवावेत आणि त्याची प्रत प्रत्येक मशीनवर वर्डच्या स्टार्टअप फोल्डरात टाकावी. वर्ड उघडताच ती आपोआप चढते आणि त्यातला ऑटोटेक्स्ट सगळ्यांना मिळतो. उद्या नॉर्मल.डॉटएम बिघडले तरी कार्यालयाचा मजकूर त्याच्यासोबत जात नाही.

सामायिक फोल्डर इतरांना फक्त वाचण्यापुरते खुले असावे. त्यात बदल एकानेच करावा आणि त्या माणसाचे नाव भिंतीवर लिहिलेले असावे. हा माणूस टंकलेखकांपैकीच असावा असा आमचा आग्रह आहे. ज्युनिअर वकील दोन वर्षांत स्वतःची प्रॅक्टिस सुरू करतात आणि फोल्डर अनाथ होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. सर्व्हर किंवा फोल्डर हलवायचे असेल तर त्या माणसाला आधी सांगावे. ज्या टेम्प्लेटवरून कागद तयार झाला त्याची वाट कागदात नोंदलेली असते. ती जागा नाहीशी झाली की वर्ड तिला शोधत बसते, जुनी फाइल उघडायला फार वेळ लागतो आणि सगळे म्हणतात मशीन स्लो झाले.

ज्या कार्यालयांनी लिब्रेऑफिस घेतले आहे त्यांच्यासाठी हेच काम अधिक सोपे आहे. त्यात ऑटोटेक्स्टच्या फायली वेगळ्या फोल्डरात असतात आणि पर्यायांमधल्या पाथ या पानावर एकाहून अधिक जागा देता येतात. मात्र तिथेही बिघाड झाल्यावर सेफ मोडमधून ‘मूळ स्थितीवर आणा’ हा पर्याय घाईने निवडला, तर वापरकर्त्याचा सगळा साठा जाऊ शकतो.

मागणी २ : फॉरमॅट मारण्यापूर्वी लेखी यादी

मशीन बदलताना, फॉरमॅट मारताना किंवा नवे लॉगिन करताना हार्डवेअरवाल्याने काय काय कॉपी केले याची यादी टंकलेखकाला दाखवून त्याची सही घ्यावी. यादीत ॲपडेटातले टेम्प्लेट्स, डॉक्युमेंट बिल्डिंग ब्लॉक्स आणि वर्डचे स्टार्टअप ही तीन फोल्डरे, तसेच ऑटोकरेक्टच्या फायली असल्याच पाहिजेत. नव्या मशीनवर प्रत्येक टंकलेखकाने आपल्या दहा खुणा एफ-३ दाबून तपासल्याशिवाय जुनी डिस्क पुसू नये.

नेहमीच्या दिवसांसाठी दर महिन्याला एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क मशीनला कायम जोडून ठेवू नये. तिमाहीतून एकदा ऑटोटेक्स्टची छापील प्रत काढावी. वर्डच्या प्रिंटच्या पर्यायांत ऑटोटेक्स्टमधल्या नोंदी छापण्याची सोय आहे, ती फारशी कोणी वापरत नाही. या कागदाचे महत्त्व डिस्क मेल्यावर कळते. निदान कोणती खूण कशासाठी होती आणि मजकूर काय होता हे समोर राहते, पुन्हा टाइप करता येते.

मागणी ३ : बिघडले तर पुसू नका

वर्ड उघडताना अडकू लागले, फॉन्ट आपोआप बदलू लागला किंवा बंद करताना नॉर्मल.डॉटएममधले बदल साठवू का असे पुन्हा पुन्हा विचारू लागले, की आवारातला रामबाण उपाय ठरलेला आहे : नॉर्मल.डॉटएम डिलीट करा, वर्ड नवे तयार करेल. वर्ड नवे तयार करते हे खरे. पण ते रिकामे असते.

आमची मागणी अशी की कोणत्याही कार्यालयात ही फाइल डिलीट करू नये. आधी वर्ड पूर्ण बंद करावे, टास्क मॅनेजरमध्येही ते चालू राहिलेले नाही ना हे पाहावे. रनच्या चौकटीत विनवर्ड, मोकळी जागा, तिरपी रेघ आणि ए असे देऊन वर्ड उघडावे. असे उघडले की नॉर्मल आणि इतर जोडण्या चढत नाहीत. तक्रार गेली तर दोष बहुधा त्यांच्यातच आहे. मग पहिला संशय स्टार्टअपमध्ये शिरलेल्या पीडीएफवगैरेच्या जोडणीवर घ्यावा, कारण बऱ्याचदा दोषी तीच निघते आणि नॉर्मल बिचारे उगाच जाते. तरीही नॉर्मलच बिघडले असेल तर त्याचे नाव बदलून बाजूला ठेवावे. पूर्ण नासलेले नसेल तर ती जुनी फाइल स्टार्टअपमध्ये ठेवून त्यातला ऑटोटेक्स्ट वापरता येतो. शैली आणि मॅक्रो ऑर्गनायझरमधून नव्या फायलीत नेता येतात. ऑटोटेक्स्टही पूर्वी तसाच नेता येत असे. वर्ड २००७ पासून ऑर्गनायझरमधला तो कप्पा काढून टाकला गेला आणि आता बिल्डिंग ब्लॉक्सच्या यादीत एकेका नोंदीची साठवण्याची जागा बदलत बसावे लागते. शंभर-दीडशे नोंदी असतील तर हे दिवसभराचे काम आहे. तेवढा दिवस द्यावा आणि त्याचा पगार कापू नये.

बाहेरून ईमेलने आलेल्या टेम्प्लेटमध्ये मॅक्रो असतील तर ते चालू करण्यासाठी आमच्यावर दबाव आणू नये. १९९९ साली जगभर पसरलेला मेलिसा विषाणू वर्डच्या मॅक्रोतूनच पसरला होता. मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फायलींमधले मॅक्रो मुळातच अडवायला सुरुवात केली ती उगाच नाही.

मागणी ४ : जुनी फाइल उघडून ‘सेव्ह ॲज’ करण्याची पद्धत बंद व्हावी

ही मागणी आमच्यापैकी काहींनाही आवडणार नाही, कारण ती आमच्या बोटांना लागलेली सवय मोडणारी आहे. नवा दावा आला की त्याच्यासारखा जुना दावा उघडायचा, नावे बदलायची आणि नव्या नावाने साठवायचा. यात दोन धोके आहेत. पहिला सगळ्यांना माहीत आहे : सतराव्या परिच्छेदात जुन्या वादीचे नाव राहून जाते, सत्तर आर जमीन ऐंशी आर होते, चतुःसीमेत भलताच शेजारी येतो. दुसरा धोका दिसत नाही. ट्रॅक चेंजेस चालू असेल तर खोडलेला मजकूरही फायलीत राहतो. कॉमेंट राहतात. फायलीच्या माहितीत आधीच्या पक्षकाराचे नाव शीर्षक म्हणून राहते. अशी वर्ड फाइल समोरच्या वकिलांना किंवा पक्षकाराला पाठवली की एका घरातला वाद दुसऱ्या घरात पोहोचतो.

भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये पक्षकाराने वकिलाला विश्वासाने सांगितलेल्या गोष्टींना संरक्षण आहे. ते बंधन वकिलांचे कारकून व कर्मचारी यांनाही लागू आहे. जुन्या पुरावा कायद्यात हेच कलम १२६ आणि १२७ मध्ये होते. म्हणजे कायदा आम्हाला गुपिताचे राखणदार समजतो. मग रोजच्या कामाची पद्धतही तशी असावी.

उपाय असा की प्रत्येक नेहमीच्या कागदाचे स्वच्छ टेम्प्लेट करावे, ज्यात एकाही खऱ्या पक्षकाराचे नाव नाही. टेम्प्लेटवर डबल क्लिक केले की नवा कागद उघडतो, मूळ तसेच राहते. मूळ दुरुस्त करायचे तर ते वर्डमधून ओपन करावे लागते. एवढा एक फरक सर्वांना शिकवला तरी अर्धे नुकसान टळेल. नावांच्या जागी कंटेंट कंट्रोलच्या चौकटी ठेवाव्यात. डॉक्युमेंट प्रॉपर्टीला जोडलेली चौकट एकदा भरली की ते नाव शीर्षकात, मजकुरात आणि व्हेरिफिकेशनमध्ये आपोआप उमटते. मराठीत याची सोय बरी बसते, कारण कोर्टाच्या भाषेत नावाला विभक्ती लागत नाही. ‘यांनी’, ‘यांचे’, ‘यांस’ वेगळे लिहिले जाते आणि गावाच्या नावापुढे ‘येथील’ येते. अडते ते लिंगावर. ‘वादी राहतो’ की ‘राहते’, ‘मयत झाला’ की ‘झाली’ हे कोणतीही चौकट ठरवू शकत नाही. अशा कागदांची स्त्री व पुरुष अशी दोन टेम्प्लेट ठेवावीत, आणि अनेक वादी असतील तर तिसरे. कंजुषी करून एकाच टेम्प्लेटमध्ये तिरप्या रेघा घालून सगळे पर्याय ठेवले की त्या रेघा तशाच छापल्या जातात, आणि ‘राहतो/राहते’ असे लिहिलेले प्रतिज्ञापत्र घेऊन पक्षकार शपथ घ्यायला उभा राहतो.

ठरलेल्या परिच्छेदांना संपादनबंदी लावावी. जाणकार माणूस हे कुलूप काही मिनिटांत काढतो हे आम्हाला माहीत आहे. घाईत परिच्छेद पुसला जाऊ नये एवढ्यासाठीच ते हवे. पासवर्ड बंद पाकिटात साहेबांकडे असावा, एकाच माणसाच्या डोक्यात नको. वर्ड फाइल बाहेर पाठवण्याआधी डॉक्युमेंट इन्स्पेक्टर चालवण्याचा नियम करावा.

मागणी ५ : कायदा बदलला की मसुदा कोण बदलणार, हे लेखी ठरवा

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. त्या आठवड्यात आवारातल्या जवळपास प्रत्येक टंकलेखकाला एकच आदेश मिळाला : ‘सगळे नंबर बदलून टाक.’ फाइंड अँड रिप्लेस आहेच, अर्ध्या तासाचे काम, अशी समजूत होती.

ते काम अर्ध्या तासाचे का नाही हे आम्ही उदाहरणाने सांगतो. अटकपूर्व जामिनाचे जुने कलम ४३८ आता ४८२ झाले. उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचे जुने ४८२ आता ५२८ झाले. आधी ४३८ चे ४८२ केले आणि मग ४८२ चे ५२८ केले, तर अटकपूर्व जामिनाचे सगळे अर्ज ५२८ खाली जातात. क्रम उलटा घ्यावा लागतो. पोटगीचे १२५ आता १४४ आहे आणि जमावबंदीचे १४४ आता १६३, तिथेही हाच सापळा. शिवाय एकाच कार्यालयात काही मसुद्यांत ४३८ देवनागरी आकड्यांत आणि काहींत इंग्रजी आकड्यांत असतात. एक शोधले तर दुसरे सापडत नाही.

यावर कडी म्हणजे फाइंड अँड रिप्लेस समोर उघडलेल्या कागदावर चालते. साठवलेल्या ऑटोटेक्स्टच्या आत ते पोहोचत नाही. प्रत्येक नोंद कागदावर उतरवायची, दुरुस्त करायची आणि त्याच खुणेने पुन्हा साठवायची. पाच टंकलेखकांकडे पाच साठे असतील तर हे पाच वेळा. साठा एका जागी असावा या पहिल्या मागणीचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

आणि प्रत्येक वेळी आकडा बदलून भागतही नाही. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे ६५-ब चे प्रमाणपत्र आता कलम ६३(४) खाली येते, पण त्याचा नमुनाच अधिनियमाच्या अनुसूचीत दिलेला आहे. त्यात भाग अ आणि भाग ब आहेत आणि हॅश मूल्य नोंदवावे लागते. जुन्या प्रमाणपत्रात आकडा बदलून छापले तर तो नवा नमुना होत नाही. उलट जुने मसुदे पुसूनही टाकता येत नाहीत. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्याला भारतीय दंड संहिताच लागते, आणि कार्यपद्धतीचा कोणता कायदा लावायचा हे प्रकरण केव्हापासून प्रलंबित आहे यावर ठरते. हा निर्णय वकिलांचा आहे. तो आमच्यावर सोडू नये.

फौजदारी कायद्यांपुरते हे मर्यादित नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याने १०० आणि २०० रुपयांऐवजी किमान ५०० रुपयांचे मुद्रांक केले तेव्हा कित्येक प्रतिज्ञापत्रांच्या आणि करारांच्या पहिल्या ओळी चुकीच्या ठरल्या. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचे धाराशिव, अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. पत्त्यात नवे नाव हवेच. पण जुन्या खरेदीखतातला मजकूर उद्धृत करताना तिथे त्या वेळचेच नाव असले पाहिजे, आणि सरसकट बदल करणाऱ्या यंत्राला हा भेद कळत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या कार्यालयांत उच्च न्यायालयाच्या कागदांची शीर्षके बदलावी लागली.

म्हणून आमची मागणी : कायदा, मुद्रांक, नाव किंवा अधिकारक्षेत्र बदलले की कोणत्या मसुद्यात काय बदलायचे याचा तक्ता वकिलांनी लेखी द्यावा. बदल झाल्यावर छापील प्रत वाचून त्यावर सही करावी. प्रत्येक टेम्प्लेटच्या नावातच ते कोणत्या तारखेपासून लागू हे असावे. जुने टेम्प्लेट ‘जुने’ नावाच्या फोल्डरात, फक्त वाचण्यापुरते खुले, तसेच ठेवावे. वकील संघाने असे तक्ते एकदाच तयार करून सर्व कार्यालयांना दिले तर सगळ्यांचे श्रम वाचतील. सनदधारक माणसे उपलब्ध असताना हे काम आवारातल्या टंकलेखकांनी एकमेकांना व्हॉट्सॲपवर विचारून करावे, हे काही बरे दिसत नाही.

मागणी ६ : जुन्या फॉन्टमधले मसुदे युनिकोडमध्ये आणण्यासाठी वेळ

श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा जुन्या फॉन्टांत टाइप केलेले मसुदे अजून बऱ्याच कपाटांत आहेत. फॉन्ट नसलेल्या मशीनवर ते उघडले की निरर्थक रोमन चिन्हे दिसतात. कन्व्हर्टरने बहुतेक मजकूर बदलतो, पण जोडाक्षरे आणि रफार हाताने तपासावेच लागतात. युनिकोडमध्येही दोन गोष्टींचा त्रास आहे. ‘करणाऱ्या’मधला ऱ्या दोन वेगळ्या संकेतांनी टाइप होतो आणि दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात. ‘ॲड.’मधला ॲ कुठे एका अक्षराचा असतो, कुठे अ वर चंद्र जोडलेला. शोधताना एक सापडतो, दुसरा सुटतो, आणि वकिलांचे स्वतःचे नाव बदलायचे असते तेव्हाही निम्म्या जागा राहून जातात. कार्यालयाने कोणते रूप वापरायचे ते ठरवून सगळी टेम्प्लेट एकदा तशी करून घ्यावीत. हे काम सुट्टीत बोलावून, वेगळे पैसे देऊन व्हावे. रोजच्या डिक्टेशनच्या मध्ये बसवता येत नाही.

मागणी ७ : मालकी, मजुरी आणि दोष

मजकूर वकिलांचा आहे, यावर आमचा वाद नाही. नोकरी सोडताना टंकलेखकाने पक्षकारांची माहिती असलेली एकही फाइल नेऊ नये, हे आम्हाला मान्य आहे आणि आमच्या सभासदांना आम्ही ते बजावतो. मात्र खुणांची यादी, शैली, तक्त्यांची मांडणी आणि कोऱ्या टेम्प्लेटची रचना हे टंकलेखकाचे कसब आहे. पक्षकाराचे नाव नसलेली अशी कोरी प्रत सोबत नेण्याचा हक्क त्याला असावा. जाताना त्याने नवीन माणसाला पूर्ण साठा समजावून द्यावा आणि त्या दिवसांचा पगार मिळावा.

पानामागे पैसे घेणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. टेम्प्लेट चांगले असेल तर पान लवकर होते, आणि ‘आता दहा मिनिटांत होते ना, मग दर कमी कर’ असे ऐकावे लागते. ही उलटी शिक्षा आहे. टेम्प्लेट तयार करण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम पानांच्या हिशोबात येत नाही, म्हणून त्याचा वेगळा दर ठरवावा. तो किती असावा हे बैठकीत ठरवू.

आणि शेवटचे. सही झालेल्या मसुद्यात चुकीचे कलम किंवा जुने नाव निघाले, तर ते मंजूर टेम्प्लेटमधून आले की टाइप करताना पडले हे आधी तपासावे. टेम्प्लेटमधून आले असेल तर टंकलेखकाच्या पगारातून वा मजुरीतून एक रुपयाही कापू नये. टाइप करतानाची चूक असेल तर ती आम्ही दुरुस्त करून देऊ, विनामूल्य.

यातल्या एकाही मागणीसाठी नवे सॉफ्टवेअर घ्यावे लागत नाही. आपल्याकडे आहे त्याच वर्डमध्ये, आहे त्याच मशीनवर हे होते. एक बाहेरची डिस्क, ठरवून दिलेला वेळ आणि आपली सही एवढेच लागेल.

दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी कोर्टाला सुट्टी असते. त्यांपैकी येत्या कोणत्याही शनिवारी वकील संघाच्या सभागृहात बैठक बोलवावी आणि मागणी १, २ व ५ वर त्याच दिवशी निर्णय द्यावा, ही विनंती. त्यापूर्वी कोणत्याही कार्यालयाने मशीन बदलायला किंवा फॉरमॅट मारायला काढले, तर कृपया आधी टंकलेखकाला हाक मारावी.

आपले विश्वासू,
न्यायालय आवारातील टंकलेखकांच्या संघटनेचे कार्यकारी मंडळ